बाळाच्या वाटीतली गोळी

सकाळी साडेसातला त्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर तीन गोष्टी ठरलेल्या असत. चहाचा कप, वर्तमानपत्र, आणि स्टीलची एक छोटी वाटी. वाटीत दोन पांढऱ्या गोळ्या. त्या गोळ्या सुनेच्या होत्या आणि वाटी बाळाची होती.

बाळ म्हणजे तिचा नवरा. वय सेहेचाळीस, डोक्यावर टक्कल, घड्याळदुरुस्तीचं स्वतःचं दुकान. पण आईने एकदा बाळ म्हटलं ते म्हटलं. तोही त्या नावाला जागत आला होता. पाण्याचा पेला हातात दिल्याशिवाय त्याला तहान लागत नसे.

गोळ्यांची हकिगत अशी. सून गेली वीस वर्षं एका रोपवाटिकेत कामाला होती. कलमं बांधणं, कुंड्या भरणं, रोपांच्या रांगांना पाणी घालणं, सगळं उघड्यावर. रोपांवर हिरवी जाळी असे, बायकांवर काही नसे. मागच्या वर्षी तिच्या नाकावर एक खपली धरली आणि चार महिने झाले तरी भरेना. सासूबाई म्हणाल्या, "नखं लावतेस, दुसरं काय." इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तुकडा काढून तपासला तेव्हा तो कातडीचा कर्करोग निघाला. सावकाश वाढणारा, लवकर काढला तर बहुतेकदा जिवावर बेतत नाही, पण हयगय केली तर नाक, कान, पापणी, जे सापडेल ते कुरतडत जातो. नाकावरचा काढून टाकला. पण ज्या कातडीने वीस वर्षं ऊन प्यायलं तिच्यावर तो पुन्हा कुठेही उगवू शकतो. तसा तो उगवूच नये म्हणून काही करता येईल का, याचा त्या इस्पितळात अभ्यास चालला होता. निम्म्या रुग्णांना औषधाच्या गोळ्या, निम्म्यांना अगदी तशाच दिसणाऱ्या नुसत्या पिठाच्या. कोणाला काय मिळतंय हे ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरला. दर तीन महिन्यांनी तपासणी, आणि बाटलीत किती गोळ्या उरल्या त्याची मोजणी.

सुनेने समजून घेऊन सही केली आणि बाटली घरी आणली. बरोबर रुंद काठाची टोपी आणि उन्हात लावायचं मलमही मिळालं होतं.

"कातडीला जपतात म्हणजे ताकदीच्याच असणार," सासूबाई बाटली उजेडात धरून म्हणाल्या. "बाळ किती उतरलाय बघतेस ना? दिवसभर मान खाली घालून बसायचं म्हणजे काय चेष्टा आहे?"

"आई, त्या माझ्या नाकासाठी आहेत."

"तुझं नाक आता बरं झालं. आणि तुझ्या नाकाकडे या वयात कोण बघायला येणार आहे?"

बाळ हसला. सूनही हसली, कारण न हसणारी सून शिष्ट ठरते.

त्या घराची रीतच होती की चांगलंचुंगलं जे येईल ते आधी बाळाच्या ताटात. फळाची पहिली फोड, पंख्यासमोरची खुर्ची. औषधालाही तोच न्याय लागला. टोपी बाळाला शोभली म्हणून त्याच्या खुंटीवर गेली. मलम सासूबाई कोपरांना चोळू लागल्या. ज्याच्या अंगाला ऊन कधी खिडकीतून लागलं तेवढंच, त्याच्या पोटात उन्हाचं औषध जाऊ लागलं; आणि जी उन्हात उभी होती ती रोज सकाळी ती वाटी विसळू लागली.

सासूबाई मोठ्या नेमाच्या. पहाटेची स्तोत्रं, आठवड्याचे दोन उपवास, ठरलेला जप, कशात खंड नाही. तोच काटेकोरपणा त्यांनी गोळ्यांना लावला. सकाळी दोन, रात्री दोन, एक दिवस चुकला नाही. तपासणीच्या आदल्या दिवशी रिकामी बाटली धुऊन-पुसून सुनेच्या पिशवीत ठेवत. "तिथे बडबड करू नकोस. घरातलं घरात." देवाच्या दारी असल्या नेमाचं काय मोल होत असेल ते देव जाणे. माझ्या मते जपाची माळ ओढणारा हात दुसऱ्याच्या ताटातलं उचलू लागला की माळेचे नुसते मणी उरतात.

आणि सून? ती गप्प राहिली. पहिल्या तपासणीला सिस्टरने शाबासकी दिली तीही तिने मुकाट घेतली. भांडण नको, म्हणाली मनाशी. भांडण नको म्हणून बायकांनी काय काय गिळलं आहे त्याची यादी लांब आहे. इथे तर गिळायचं ते न गिळताच तिने गप्प बसून दाखवलं.

सहाव्या महिन्याच्या तपासणीला सासूबाई मुद्दाम बरोबर आल्या. सुनेच्या डाव्या डोळ्याखाली महिन्याभरापासून मोत्याएवढं काहीतरी चकाकत होतं, आणि सून त्याबद्दल काय बोलेल याचा भरवसा नव्हता. बाळ बाहेर बाकावर बसला. टोपी घालून.

सिस्टरने बाटली पालथी करून पाहिली. "ताई, कमाल आहे तुमची. सहा महिन्यांत एक गोळी चुकली नाही. एवढं नियमाचं माणूस आमच्या अभ्यासात दुसरं नाही."

"आमच्याकडे नेम म्हणजे नेम," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून डोळ्याखाली बराच वेळ पाहिलं. "पुन्हा आलंय. पापणीच्या कडेला आहे, पण लहान आहे. पुढच्या आठवड्यात काढू, डोळ्याला धक्का लागणार नाही. अजून दोन-तीन महिने थांबला असतात तर असं सांगता आलं नसतं." मग सिस्टरकडे वळून म्हणाल्या, "लिहा. गोळ्या पूर्ण घेतल्या, तरी नवीन गाठ."

सिस्टरने पेन उघडलं.

"बाई," सुनेने विचारलं, "असं लिहिलं की पुढे काय होतं?"

"अशा चारशे जणांच्या नोंदी होतात. शेवटी उघडून बघायचं, कोणाकडे औषध होतं नि कोणाकडे पीठ. औषधवाल्यांना गाठी कमी आल्या तर ते सगळ्यांना देता येईल. तुमच्यासारख्या नोंदी वाढल्या तर म्हणायचं, याचा उपयोग नाही."

"म्हणजे माझ्या एका ओळीमुळे..."

"एका ओळीने नाही होत. पण सगळ्या ओळी एकेकाच्याच असतात."

रोपवाटिकेतल्या बाकीच्या सहा जणी सुनेला दिसल्या असाव्यात. त्यातल्या एकीच्या कानावर हल्ली खपली धरत होती.

"मग ते लिहू नका. मी एकही गोळी खाल्लेली नाही."

"उन्हाने डोकं फिरलंय हिचं," सासूबाई घाईने म्हणाल्या.

"ऊन मला लागलं, आई, आणि औषध ह्यांना. बाई, माझ्या नवऱ्याने खाल्ल्या सगळ्या. बाहेर बसलेत, विचारा."

बाळाला आत बोलावलं.

"मी कुठे मागितल्या?" तो म्हणाला. "आई वाटीत ठेवायची, मी घ्यायचो."

सेहेचाळीस वर्षांच्या पुरुषाने दिलेला हा जबाब. सिस्टरने शब्दन् शब्द लिहून घेतला.

"तुमच्या कातडीला काय झालंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काही नाही."

"ऊन?"

"दुकानात पंखा आहे. पण गोळ्यांचा गुण मात्र आहे हो. अंगात तरतरी आलीय."

"निम्म्या बाटल्यांत नुसतं पीठ असतं," सिस्टर म्हणाली आणि तोंड लपवायला कपाटाकडे वळली.

सुनेने विचारलं, "माझं नाव काढून टाकाल ना आता?"

"नाव कशाला काढायचं? जसं घडलं तसं लिहायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सिस्टरने घेतलेल्या गोळ्यांच्या रकान्यात आधीचा आकडा एका रेघेने खोडला, बाजूला तारीख आणि सही घातली, आणि शून्य लिहिलं. त्या घरातून तिथे गेलेलं ते पहिलं खरं अक्षर.

इस्पितळाच्या फाटकापाशी सुनेने नवऱ्याच्या डोक्यावरची टोपी काढून स्वतः घातली.

डोळ्याखालची गाठ निघाली. पाच टाके पडले, पापणी थोडी ओढल्यासारखी राहिली. नवी बाटली सुनेने आपल्या कपाटात ठेवली नि किल्ली कमरेला लावली.

हे वाचताना आपल्याकडे असं नाही असं जिला वाटेल, तिने उठावं आणि घरातली औषधं कोणासाठी आणली होती नि कोणाच्या पोटात गेली ते पाहून यावं. टॉनिक, दूध, डॉक्टरकडे जाण्याचा दिवस, सगळंच. मी थांबते.

टाके निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी सवयीने वाटी मांडली. सून आली, पंख्यासमोरच्या खुर्चीवर बसली, न्याहारी आपल्या पुढ्यात ओढली.

"अगं, बाळाचं व्हायचंय अजून."

"गोळी पोटात काही असल्यावर घ्यायची आहे, आई. मला कामाला जायचंय."

तिने शांतपणे खाल्लं, बाटली उघडली, दोन गोळ्या गिळल्या. बाळ रिकाम्या वाटीकडे बघत उभा होता. उठताना तिने टोपी डोक्यावर घातली आणि वाटी त्याच्याकडे सरकवली.

"तेवढी विसळून ठेवा."