जिन्यावरून ऐकलेलं जॅझ

बारक्या आता नावापुरताच बारक्या राहिला होता. दारातून जाताना त्याला मान वाकवावी लागे आणि कानांवरचे केस पांढरे झाले होते. पण ताईने लहानपणी ठेवलेलं नाव घरात टिकून होतं. घरात माणसं दोनच. ताई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, आणि हा रुग्णालयात एक्स-रे काढणारा. त्याची चैन म्हणाल तर एकच. रविवारी संध्याकाळी सायकलींच्या दुकानाखालच्या तळघरात जाऊन बसायचं आणि जॅझ ऐकायचं.

क्लब कसला, मोठी खोलीच ती. छत इतकं खाली की ढोलवाल्याने काठी जोरात उचलली तर वर आपटावी. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुनी सतरंजी ठोकलेली, खुर्च्या चार घरांतून मागून आणल्यासारख्या. आत जायला आणि बाहेर यायला एकच अरुंद जिना. बारक्या तिथे वर्षानुवर्षं जात होता, पण जिना अरुंद आहे हे त्याच्या कधी लक्षातही आलं नव्हतं.

मग रुग्णालयाची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत तो एकटाच होता. दिवा गेला, पंखा गेला, आणि बराच वेळ कोणी आलं नाही. शेवटी दार उचकटून त्याला बाहेर काढलं तेव्हा तो हसत होता. चहा प्यायला, उरलेली पाळीही पुरी केली. सगळ्यांना वाटलं, निभावलं.

पुढच्या आठवड्यात त्याने एका पेशंटला छाती टेकवून यंत्रापुढे उभं केलं, "श्वास रोखून धरा" म्हणाला, आणि खोलीचं जाडजूड दार ओढून घेतलं. दार लागल्याचा आवाज झाला मात्र, त्याच्या छातीत काहीतरी आवळलं. हात-पाय गार पडले. तो दार उघडून थेट व्हरांड्याच्या टोकापर्यंत पळाला. पेशंट बिचारा सांगितल्याप्रमाणे श्वास धरून तसाच उभा. नर्सने जाऊन त्याला सोडवलं.

त्यानंतर बारक्याला रिपोर्ट देण्याच्या खिडकीवर बसवलं. पुन्हा आत कधी येणार, असं कोणी विचारलं की तो म्हणे, "बघू." रविवार तर सुटलाच. घरी रेकॉर्ड लावून बसे, पण दुसऱ्याच्या लग्नाचे फोटो बघावेत तसं काहीसं व्हायचं. मध्येच उठून बंद करायचा.

ताईने दोन महिने हे बघितलं. मग एका रविवारी चपला घालून दारात उभी राहिली.

"चल. मी येते बरोबर."

"तुला कुठे आवडतं ते? एकच चाल किती घोळवतात म्हणायचीस."

"घोळवू देत. जिन्याजवळची जागा धरू. नाही जमलं तर उठून येऊ. तुला काय कोणी कोंडून घालणार आहे?"

जिन्याच्या तोंडाशी ताईने त्याचा दंड घट्ट धरला आणि दोघं एकेक पायरी उतरले. तिचा हात जरा जास्तच घट्ट होता. आपण पळून जाऊ अशी तिला भीती वाटत असणार, असं त्याला वाटलं, आणि ते खोटंही नव्हतं.

ते जिन्याजवळच्या खांबापाशी बसले. पहिली चाल सुरू झाली. उभ्या बेसच्या जाड तारांचा खालचा सूर फरशीतून वर येऊन पायांत शिरत होता. पूर्वी हाच सूर त्याला पाठीवर हात ठेवल्यासारखा वाटायचा. आता मात्र तो जिन्याकडे बघत होता. जिन्यावर एक जोडपं उभं होतं. त्यांनी वाट अडवली आहे का? ढकलून जाता येईल का? सॅक्सोफोनवाला पुढे आला, डोळे मिटून त्याने फुंकायला सुरुवात केली, आणि बारक्या उठला. जोडप्याच्या मधून वाट काढत वर रस्त्यावर आला. उरलेला कार्यक्रम त्याने वरच्या पायरीवर बसून ऐकला. ताई खालीच बसून राहिली.

"बरं होतं," घरी जाताना ती म्हणाली. "तो पिपाणीवाला श्वास घ्यायलासुद्धा थांबत नाही."

"सॅक्सोफोन म्हणतात त्याला."

"तेच ते."

पुढच्या रविवारीही तसंच झालं. त्यापुढच्याही. कधी तो एक चाल टिकायचा, कधी दीड. उठायची वेळ मात्र का कोण जाणे, नेमकी सॅक्सोफोनवाला पुढे येतानाच यायची. शेवटी मध्यंतरात सॅक्सोफोनवाला वर आला. मानेवर टॉवेल, चेहरा पडलेला.

"साहेब, एक विचारू का? रागावू नका."

"विचारा की."

"माझी पाळी आली की तुम्ही उठता. दर वेळी. आमच्या सासूबाईसुद्धा निदान पहिला भाग ऐकून घेतात."

बारक्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्याने लिफ्टचं सगळं सांगून टाकलं. ताईखेरीज कोणाला एवढं सांगितलं नव्हतं. सॅक्सोफोनवाला ऐकता ऐकता शेजारच्या पायरीवर टेकला.

"मला स्टेजवर जायच्या आधी उलटी होते," तो म्हणाला. "एवढी वर्षं झाली. पडद्यामागे बादली ठेवलेली असते माझ्यासाठी. बायकोला वाटतं, मी सूर लावायला लवकर जातो."

"मग करता काय?"

"काय करणार? चूळ भरतो आणि जातो." त्याने टॉवेलने तोंड पुसलं. "पायरीवर ऐकू येतं ना नीट? मी जरा जिन्याकडे तोंड करून वाजवतो."

आणि तो खरंच तसा वाजवू लागला.

त्याच महिन्यात एकदा बारक्या वरच्या पायरीवर बसलेला असताना सगळा रस्ता अंधारला. खालून "अरे, अरे" असे आवाज आले. पियानो मध्येच थांबला. मग क्लबाच्या मालकीणबाईंचा आवाज, "बसून राहा सगळे, फक्त वीज गेली आहे." पण लोक कसले बसतात? मोबाइलचे दिवे लागले आणि जिन्यावरून माणसं वर येऊ लागली. बारक्या भिंतीला चिकटून एकेक चेहरा बघत होता. ताई नव्हती.

माणसं संपत आली तरी ताई नव्हती.

"खांबाजवळ एक बाई होत्या, करड्या केसांच्या, बघितल्यात का?" त्याने एकाला विचारलं.

"हो, बसल्यात तिथेच. चला म्हटलं तर हलेनात."

तिला काही झालं की काय? चक्कर? हृदय? त्याने खाली डोकावून बघितलं. जिन्याच्या निम्म्यापर्यंत रस्त्यावरच्या गाड्यांचा उजेड येत होता, त्याखाली काळंकुट्ट. त्याचा मोबाइल खाली ताईच्या पिशवीत राहिला होता. त्याने एक पाय टाकला आणि मागे घेतला. पुन्हा टाकला.

खाली कोणीतरी वाजवायला लागलं होतं. माइक नाही, काही नाही, नुसता बेस आणि ढोलावर काठ्यांऐवजी फिरणारे तारांचे ब्रश. हळू, हळद चाळावी तसा आवाज. बेस खोलीच्या कुठल्या कोपऱ्यात उभा असतो आणि खांब त्याच्यापासून किती दूर, हे बारक्याला झोपेतही सांगता आलं असतं. तो भिंतीला हात लावून उतरला. शर्ट पाठीला चिकटला होता. कानात स्वतःचेच ठोके ऐकू येत होते आणि त्यांच्यामागे बेस. एका खुर्चीला त्याचा गुडघा आपटला.

"कोण आहे?" ताईचा आवाज. इतका बारीक आवाज त्याने तिचा कधी ऐकला नव्हता.

"मी आहे. काय होतंय तुला? छातीत दुखतंय?"

"नाही रे. मला काही दिसत नाहीये."

"अंधार आहे, ताई. कोणालाच दिसत नाहीये."

"तसं नव्हे." तिने त्याचा हात चाचपडून धरला. "ते मोबाइल डोळ्यांवर आले की सगळं पांढरंफटक होतं. आणि उजेड असतो तेव्हाही धुकं असल्यासारखंच. वर्ष झालं असेल. जिना मी तुला धरूनच उतरते, तुला काय वाटलं?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझंच काय कमी चाललं होतं?"

"अगं, मग घरी बसायचं. इथे कशाला यायचं, तेही एकटीने खाली बसायचं?"

"मी उठले असते तर तू पुन्हा आला नसतास."

तो तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला. पळावंसं वाटत होतं, फार वाटत होतं, पण तिने त्याचा हात दोन्ही हातांनी धरला होता आणि तो सोडवता येईना. मग अंधारातून सॅक्सोफोन सुरू झाला. अगदी हळू, कोणाच्या तरी दाराबाहेर उभं राहून बोलल्यासारखा. बारक्याने ती चाल शेवटपर्यंत ऐकली. भीती गेली नाही. चाल संपेपर्यंत तीही शेजारी बसून होती. वीज आली तेव्हा खोलीत आठ-दहाच माणसं उरली होती, आणि टाळ्या वाजवायला ताईनेच आधी त्याचा हात सोडला.

दुसऱ्याच दिवशी त्याने रजा टाकून तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. "वर्षापूर्वी यायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले, आणि शाळेतल्या मुलीसारखी ताई मान खाली घालून बसली. पुढे एकेक करून दोन्ही शस्त्रक्रिया झाल्या. त्या दिवसांत बारक्याची झोप उडाली होती, पण ती निराळ्या काळजीने.

एक्स-रेच्या खोलीत तो अजून रोज जात नाही. आठवड्यातून दोनदा सकाळी जातो, बाहेर नर्सला उभं करून. दार लावताना तिच्याशी काहीबाही बोलत राहतो. बाकीचे दिवस खिडकी.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पहिल्याच रविवारी दोघं क्लबात गेले. बारक्याने बसण्याआधी जिना मोकळा आहे ना, ते बघून घेतलं. ताई मात्र नव्या चष्म्यातून सगळीकडे बघत सुटली होती. सतरंजीला भोकं किती, खुर्च्या किती कळकट, सगळं सांगून झालं. सॅक्सोफोनवाला पुढे आला तशी ती बारक्याच्या कानाशी वाकली.

"अरे, हा तर चांगला आजोबा आहे. मला वाटत होतं, पंचविशीतला पोरगा."

"हळू बोल, ऐकू जाईल."

"जाऊ दे. एवढा दम आहे या वयात." तिने खुर्ची जरा पुढे ओढली. "तू काय, बसणार आहेस ना?"

"बघू," बारक्या म्हणाला, आणि बसून राहिला.