ढोलीतलं पिल्लू

जनावरांच्या दवाखान्यात गिधाडाचं पिल्लू आलं, त्याच दिवशी निम्म्या लोकांनी नाकाला रुमाल लावला. जंगलात एक जुनं झाड उन्मळून पडलं होतं. त्याच्या ढोलीत, ना काडी ना गवत, नुसत्या भुशावर ते सापडलं. कापसासारखं पांढरं, आणि कुणी जवळ गेलं की पोटातलं सगळं ओकून मोकळं. त्याला भरवायला कुणीच धजेना.

डॉक्टरीणबाईंनी घरी हे सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मी येते की. मला कुठं वास येतो?"

खरंच होतं ते. एका तापात त्यांचं नाक गेलं होतं, ते कायमचंच. भाजी करपली तरी त्यांना पत्ता नसे, आणि घरातले त्यावरून थट्टा करायची संधी सोडत नसत.

माणूस पिल्लाच्या नजरेस पडता कामा नये, नाहीतर ते माणसाळेल, असं सूनबाईंनी बजावलं होतं. शिवणकामात आयुष्य घालवलेल्या सासूबाईंनी हातमोज्याचं गिधाड केलं, पिवळं डोकं आणि वाकडी चोच असलेलं. पडद्याच्या फटीतून ते आत सरकवून त्या बिनदिक्कत कुजकं मांस भरवत. पिल्लाला काळी पिसं फुटली, पंख भरले.

आता सोडायची वेळ आली, तसा दवाखान्यातला मदतनीस कुरकुरू लागला. दाट रानात वरून जमीन दिसत नाही, ही जात वासावर भक्ष्य शोधते. आईवाचून त्याला ते कोण शिकवणार?

"माशाच्या पोराला पोहायला शिकवावं लागतं का?" सासूबाईंनी विषयच संपवला.

जंगलात मेलेलं रानडुक्कर पाचोळ्याखाली झाकून ठेवलं होतं. पिंजरा उघडला. गिधाड बराच वेळ फांदीवर बसून राहिलं. मग झाडांच्या शेंड्यांना लागून उडालं, पुढे गेलं, वारा येत होता त्या दिशेला वळलं आणि नेमकं त्या पाचोळ्यावर उतरलं. सासूबाईंनी सुनेचा हात घट्ट धरला.

तेवढ्यात रंगीबेरंगी डोक्याचं एक मोठं गिधाड धाडकन आलं. दुसरं गिधाड कुठं उतरतंय यावर या जातीचा डोळा असतो. त्याने आयत्या पानावर बसावं तसं आपल्या पिल्लाला बाजूला ढकललं. मदतनीस हाकलायला निघाला.

"थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ते जाड कातडं आपल्याच्या चोचीने फाटणार नाही. हा दांडगाच फाडून देईल."

तसंच झालं. दांडगोबा पोट भरून हलला आणि पिल्लू मान खुपसून जेवायला लागलं. अगदी निवांत. मग पंख झटकून ते झाडीवरून निघून गेलं. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

मदतनिसाला वाईट वाटलं. इतकं केलं, आणि ओळखसुद्धा दाखवली नाही.

"दाखवली असती तर माझं काम फसलं असतं," सासूबाई म्हणाल्या आणि खुशीत गाडीकडे चालू लागल्या.