फ्रीजपुढचा पाट

"लाव आता हात," रघुनाथराव म्हणाले.

अनुजानं ओढणीला हात कोरडे केले, बोटांची मागची बाजू फ्रीजच्या दाराला जेमतेम टेकवली आणि झटक्यात मागं घेतली.

"लागला."

"किती?"

"झिणझिण्या आल्या. मनगटापर्यंत."

सासऱ्यांनी पुढं होऊन आपला अख्खा पंजा दारावर ठेवला. गोठ्यातल्या म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा, निवांत. तो तिथंच ठेवून ते सुनेकडं वळून हसले.

"हे बघ. काही नाही. तुझ्याच अंगात करंट आहे."

हे वाक्य अनुजाला आता पाठ झालं होतं. महिनाभर ती सांगत होती की फ्रीजला शॉक लागतो, आणि जो तो येऊन, हात लावून, तिच्याकडं दयेनं पाहून जात होता. तिचा नवरा पराग ऑफिसला निघता निघता बूट घालूनच आत आला, दारावर थाप मारली आणि म्हणाला, "आई गेली तरी अजून तुला हात लावू देत नाहीये." कंपनीचा मेकॅनिक आला, तोही बूट न काढता थेट ओट्यापर्यंत, आणि "बराबर छे, बेन," म्हणून चहा पिऊन गेला. महापालिकेच्या मराठी शाळेत वर्गभर पोरांना नुसत्या नजरेनं गप्प बसवणारी ही बाई, पण स्वतःच्या स्वयंपाकघरात तिचं कुणी खरं मानेना. शेवटी तिनं बोलायचंच सोडलं.

आज सकाळी मात्र पाच वर्षांची गौरी पाणी घ्यायला गेली आणि किंचाळत बाहेर आली. "आजोबा, फ्रीज करडे छे!" फ्रीज चावतो. शेजारच्या पोरांत खेळून खेळून ती घाबरली की गुजरातीतच घाबरायची. आईनं महिनाभर सांगून जे झालं नव्हतं ते नातीच्या एका किंकाळीनं झालं, आणि आजोबांची हत्यारांची पेटी माळ्यावरून खाली आली. अनुजाला याचा रागही आला आणि बरंही वाटलं. पोरीला पुन्हा लागेल म्हणून सकाळपासून तिनं तिला स्वयंपाकघरात फिरकू दिलं नव्हतं.

"जुना देऊन नवा आणू या, असं पराग म्हणत होता," ती म्हणाली.

"आणा की. पण फॉल्ट कशात आहे ते कळल्याशिवाय मशीन बदलायचं नसतं."

रघुनाथरावांची सगळी नोकरी उधन्याच्या एका मिलमध्ये, इलेक्ट्रिक खात्यात गेली होती. तिथल्या मोठ्या पॅनेलसमोर रबराची जाड चटई अंथरलेली असायची, आणि नव्या माणसाला ते पहिल्या दिवशी एवढंच शिकवायचे: आधी चटई, मग पॅनेल. ही गोष्ट त्यांनी घरी जेवताना इतक्या वेळा सांगितली होती की गौरी बाहुलीला दटावतानासुद्धा 'आधी चटई' म्हणायची. या फ्लॅटमधली तार न् तार त्यांनी स्वतः ओढली होती. बायको गेल्यापासून त्यांचं बोलणं फार कमी झालं होतं. पण सोसायटीत कुणाचा फ्यूज उडाला, कुणाचा पंखा बंद पडला, की 'आमच्याकडं कधी असं होत नाही' हे ते अजून छाती पुढं काढून सांगत. म्हणून अनुजाची आज पंचाईत झाली होती. फॉल्ट सापडायला तर हवा होता, पण तो यांचा निघू नये असंही तिला मनापासून वाटत होतं.

तिनं त्यांच्या पायांकडं पाहिलं. पायात निळ्या रबरी स्लीपर होत्या. साखर निघाल्यापासून डॉक्टरांनी त्यांना अनवाणी चालायची मनाई केली होती. स्वयंपाकघरात कुणाचंही पायताण खपवून न घेणाऱ्या उषाबाईंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, नवऱ्याला तेवढी सूट दिली होती. स्लीपरही त्यांनीच आणून दिल्या होत्या.

"बाबा, तुमच्या पायात स्लीपर आहेत. मी आणि गौरी अनवाणी असतो."

"त्यानं काय होतं? अर्थिंग असलं की अनवाणी काय आणि बूट काय. गळती झालीच तर ती तारेतून जमिनीत जाते, माणसाच्या अंगातून नाही."

"पण अर्थिंग आहे का?"

रघुनाथरावांनी तिच्याकडं असं पाहिलं की जणू तिनं या घराला पाया आहे का, असं विचारलं होतं.

"थांब. दाखवतोच तुला."

दोघांनी मिळून फ्रीज पुढं ओढला. सहज आला. पूर्वी तो असा ओढता आला नसता, कारण त्याच्यापुढं पाट असायचा. शिसवी, जाडजूड, बारा महिने तिथंच पडलेला. फ्रीज उघडायचा तर त्या पाटावर चढूनच उघडावा लागे. उषाबाई ठेंगण्या होत्या, तेव्हा फ्रीजरपर्यंत हात पोचावा म्हणून असेल, असं सगळ्यांनी धरलं होतं. पराग एकदा ठेच लागून चिडला होता, "आई, हा उचल ना इथून." तर त्या माहेरच्या बोलीत म्हणाल्या, "राहू दे रे. माले सवय शे."

अनुजाला त्या पाटाचा मनस्वी राग होता. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा सासूबाईंनी तिला दागिन्यांचं कपाट उघडून दिलं, मसाल्याचे डबे दिले, पण फ्रीजजवळ मात्र पहारा. ती भाजी धुता धुता उठून फ्रीजकडं वळली की मागून हाक यायची, "पाटावर उभी राहा." कधी ती पाट पायानं जरा बाजूला सारून दार उघडायला जायची, तर सासूबाई पिठाचे हात घेऊन धावत यायच्या. "थांब, तू नको. मी काढते." दूध काढायचं तर त्या, कोथिंबीर काढायची तर त्या. अनुजानं मनात गाठ मारून ठेवली होती की ही बाई सगळं देईल, फ्रीज देणार नाही. त्या गेल्यावरही ती गाठ पुरती सुटली नव्हती. गेल्या महिन्यात वर्षश्राद्धाला पाट धुऊन बाहेर नेला, त्यावर सासूबाईंचा फोटो ठेवला, आणि तो तिथंच राहिला. स्वयंपाकघरात आता मोकळं मोकळं वाटतं, असं तिनं परागला म्हणूनही दाखवलं होतं.

रघुनाथरावांनी पेटीतून होल्डरला दोन लांब तारा जोडलेला एक बल्ब काढला. फ्रीजची पिन उपसून त्यांनी एक तार प्लगच्या उजव्या भोकात घातली, दुसरी डाव्या. बल्ब लख्ख लागला.

"लाइन ठीक. आता डावीकडची काढून वरच्या मोठ्या भोकात घालतो. हे अर्थिंगचं. बल्ब तस्साच लागेल, बघ."

बल्ब लागला नाही.

त्यांनी तार हलवली. काढून पुन्हा घातली. बल्ब होल्डरमध्ये घट्ट पिळला. मग ते ओट्याशी गेले आणि मिक्सरच्या प्लगमध्ये तेच करून पाहिलं. तिथं दोन्ही वेळा बल्ब लागला. परत आले. मोठ्या भोकात तार. अंधार.

"सैल झाली असेल एखादी," अनुजा म्हणाली.

"हं."

त्यांनी मेन बंद केला. पंखा घरघरत थांबला. गुडघ्यावर बसून त्यांनी प्लगचे स्क्रू काढले आणि पट्टी पुढं ओढली. मागं दोनच तारा होत्या, एक लाल, एक काळी. तिसऱ्या जागेचा पितळी स्क्रू रिकामा होता. कधी कुणी पिळलेलाच नसल्यासारखा तो नवाकोरा चमकत होता.

रघुनाथरावांनी त्यावर बोट फिरवलं.

"इथं बाल्कनी होती," ते म्हणाले. "ती आत घेतली तेव्हा ही लाइन ट्यूबलाइटच्या बोर्डावरून ओढली मी. अर्थिंगची हिरवी तार कमी पडली होती. घरात सत्यनारायण होता, पाहुणे येऊन बसले होते. म्हटलं, तात्पुरतं चालवू, येत्या रविवारी तिसरी ओढू." त्यांनी स्क्रूड्रायव्हर जमिनीवर ठेवला. "पराग तेव्हा शाळेत होता."

अनुजानं वाकून त्या दोन तारांकडं पाहिलं.

"पण मग," त्यांनी मान वर केली, आणि त्या चेहऱ्यावर खरोखरच नवल होतं, "इतकी वर्षं कुणालाच कसा लागला नाही?"

दारातून समोर हॉल दिसत होता. भिंतीशी पाट, पाटावर उषाबाईंचा फोटो, त्याला सकाळचा मोगऱ्याचा हार. अनुजाची नजर तिकडं गेली आणि तिथंच थबकली. पाटावर उभी राहा. थांब, तू नको. मी काढते. पिठाचे हात तसेच घेऊन धावत यायच्या त्या. पुढचं सगळं तिला एका क्षणात कळलं. इतकी वर्षं एका शब्दानं सांगितलं का नाही, याचं उत्तर तिच्यासमोरच गुडघ्यावर बसलं होतं.

"फ्रीज आता जुना झालाय ना, बाबा," ती म्हणाली. "गळती आत्ताच सुरू झाली असेल. आधी नसेल."

"असेल," रघुनाथराव म्हणाले.

मग त्यांनी तासभर काम केलं. मिक्सरच्या बोर्डापासून फ्रीजपर्यंत हिरवी तार ओढली, भिंतीवर पट्टी ठोकली, स्क्रू पिळला, पुन्हा पिळला. अनुजा स्टूल धरून उभी राहिली. गौरीनं खिळे मोजून हातात दिले आणि दोन हरवले. मेन सुरू केला, बल्ब लावून पाहिला. आता दोन्हीकडं सारखाच लागला.

अनुजा हात पुढं करणार तोच ते म्हणाले, "थांब, मी बघतो."

त्यांनी स्लीपर काढल्या. नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवर दोन्ही पाय नीट टेकवले आणि दारावर पंजा ठेवला. सकाळच्यासारखा निवांत नव्हे. डोळे मिटून, काहीतरी शोधत असल्यासारखा. ते तसे इतका वेळ उभे राहिले की शेवटी अनुजालाच राहवेना.

"लागतोय का?"

"नाही," ते म्हणाले. "आता काही कळायचं नाही."

आणि स्लीपर तिथंच टाकून ते बाहेर गेले.

तिनं चहा टाकला. कप घेऊन हॉलमध्ये आली तेव्हा फोटो सोफ्यावर ठेवलेला होता आणि पाट उलटा होऊन रघुनाथरावांच्या मांडीवर होता. खालच्या दोन्ही आडव्या पट्ट्यांवर काळं जाड रबर ठोकलेलं होतं. कडा झिजल्या होत्या, खिळे मात्र अजून घट्ट होते. ते त्यावरून अंगठा फिरवत होते.

"हे मीच ठोकलंय," ते म्हणाले. "पाट सरकतो म्हणाली. रबर लावून द्या. मिलमध्ये पॅनेलची चटई बदलली तेव्हा जुनीचा एक तुकडा आणला होता मी. तोच पाहिजे म्हणाली. दुसरं सायकलच्या ट्यूबचं देत होतो, ते नको."

अनुजानं कप टीपॉयवर ठेवला.

"त्याच्या आधी एकदा सांगितलं होतं तिनं. झिणझिण्या येतात म्हणून. मी ड्यूटीवरून आलेलो, बूट पायात. हात लावला आणि म्हटलं, तुझ्याच अंगात करंट आहे. सगळे हसले. तीही हसली." त्यांनी पाट सरळ केला. "पुन्हा नाही काढला तिनं तो विषय."

मग त्यांनी विचारलं, "तुला बोलली होती?"

"पाटावर उभी राहा, एवढंच म्हणायच्या. नाहीतर स्वतः काढून द्यायच्या."

"आणि तुला काय वाटायचं?"

खोटं बोलायचा तिचा आजचा वाटा संपला होता. "मला वाटायचं, फ्रीज त्यांचा आहे," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं. रघुनाथरावांनी तिच्याकडं पाहिलं नाही. चहा उचलला, बशीत ओतला, पण प्यायले नाहीत.

स्वयंपाकघरातून गौरीची पावलं वाजली, अनवाणी, ओल्या फरशीवर चपचप करत. ती पाणी घ्यायला चालली होती. तार आता नवी होती, स्क्रू पिळलेला होता, अनुजानं स्वतः बल्ब लागताना पाहिला होता. तरी ती उठली आणि डोळे पुसत आत धावली.

"थांब, तू नको. मी काढते."

गौरी फ्रीजच्या दाराशी हात आखडून उभी राहिली. तिनं गाल फुगवले आणि आईकडं डोळ्यांच्या कोपऱ्यातून असं पाहिलं की अनुजाला ती आपलीच जुनी नजर लगेच ओळखू आली.