एका अक्षराची चूक

बाई शाळेत जीवशास्त्र शिकवत आणि रोज सकाळी डोळे मिटून देवाशी चार शब्द बोलत. या दोन गोष्टींचं त्यांच्या मनात एकमेकींशी कधी वाकडं आलं नाही. जीव हळूहळू बदलत गेले, माणूसही त्यातूनच आला, आणि हे सगळं देवानेच चालू करून दिलं, अशी त्यांची सरळ समजूत होती.

वाकडं आलं ते थोरल्या भावाशी. दादा सुतारकाम करायचा आणि देवाच्या बाबतीत फार कडक होता. प्रत्येक जीव देवाने आपल्या हाताने, जसा हवा तसा घडवला, यात त्याला तिळमात्र शंका नव्हती. बहीण पोरांच्या डोक्यात भलतंसलतं भरवते, हे त्याच्या मनाला लागून राहिलं होतं. एकदा जेवताना शब्दाला शब्द वाढला, दादा भरल्या ताटावरून उठला आणि येणंजाणंच तुटलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी बाईंना मुलगी झाली. सगळं नीट होतं, पण पोर मान धरेना. दूध ओढताना तिला दम लागायचा. तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरीणबाईंनी दोघा नवराबायकोला समोर बसवून समजावलं. दोष आईकडून आलेला नाही, बापाकडूनही नाही. जनुकांची नक्कल उतरताना एक अक्षर चुकलं. असं होतं कधीकधी. स्नायू दिवसेंदिवस दुबळे होत जातील, उपाय नाही.

बाईंना यातलं काहीच नवं नव्हतं. फळ्यावर त्यांनी हे कितीदा तरी लिहिलं होतं. नवरा देव मानत नसे, त्यामुळे त्याला निदान एवढा आधार मिळाला की यात कुणाचाच दोष नाही. बाईंना तो आधारही घेता येईना. ही रीत देवाची, असं त्या म्हणत आल्या होत्या. मग त्यांची लेकही त्या रीतीतच बसत होती. सकाळी त्या डोळे मिटून बसत आणि तशाच उठत.

दादाच्या कानावर गेलं तेव्हा तो न कळवता आला. हे सगळं तुझ्याच विचारांचं फळ आहे, असं काहीतरी तो बोलेल, म्हणून बाई मन घट्ट करून बसल्या. तो तसं काही बोलला नाही. त्याने पोरीला मांडीवर घेतलं, तिच्या पाठीचं नि मानेचं माप घेतलं आणि गेला. काही दिवसांनी एक छोटी कलती खुर्ची घेऊन आला. डोक्याला दोन्ही बाजूंनी मऊ टेकू होता. पोर तिच्यात बसून खिडकीबाहेर टकामका बघायची. दादा दर आठवड्याला यायचा, टेकू सैल-घट्ट करायचा.

थंडीत पोरीच्या छातीत कफ भरला आणि तो तिला खोकून काढता येईना. दवाखान्यात नेलं, पण ती परत आली नाही.

त्यानंतर एका दुपारी दादा स्वयंपाकघरात चहा घेत बसला होता. कप खाली ठेवून म्हणाला, "ते अक्षराचं मला एकदा सांग."

बाईंनी त्याला सोप्या शब्दांत सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता.

"मग या चुका देवाने मुळातच बंद का नाही केल्या?"

"बंद केल्या असत्या तर काहीच बदललं नसतं, दादा. तू नसतास, मी नसते. ती तरी कुठून आली असती?"

दादा कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "मी जन्मभर म्हणत आलो, त्याने एकेकाला हाताने घडवलं. पण हिलाही त्याने मुद्दाम अशी घडवली, असं माझ्याच्याने म्हणवत नाही गं."

"मलाही माझं म्हणवत नाही, की ही त्याचीच रीत."

"सकाळी डोळे मिटून बसतेस का अजून?"

"बसते. बोलत नाही काही."

त्याने हुंकार भरला. आपलंही तसंच आहे, की तिचं समजलं, हे त्यातून कळेना, आणि बाईंनी विचारलंही नाही. तो उठला, दोघांचे कप धुऊन पालथे घातले. जाताना पोरीच्या खुर्चीपाशी थांबला. नेऊ का, असं त्याने नजरेनेच विचारलं.

"राहू दे," बाई म्हणाल्या.