मोटरीला गोडं पाणी

बासष्ट सालच्या वैशाखात रेडीच्या खाणकंपनीचा एक पडाव, म्हणजे लोहमाती वाहणारी मोठी होडी, चिखलात अडकून बसला होता आणि सत्यवतीच्या घरात आठ दिवस दुसरा विषय नव्हता. तिचा नवरा दत्ताराम कंपनीचा मोटरवाला. लोहमातीचे पडाव पावसाआधी रुळांवरच्या गाड्यावर चढवायचे आणि मोटरीने तारेच्या दोराने धक्क्यावर ओढून घ्यायचे, हे त्याचं काम. मोटर नवी होती, माघात आलेली. फाल्गुनात तिने दोन पडाव म्हशी गोठ्यात याव्यात तसे संथ वर आणले. आता शेवटचा, सर्वांत जड पडाव उरला आणि मोटरीचं डोकं फिरलं.

मॅनेजरसाहेबांनी शुद्ध मराठीत सांगून टाकलं होतं की सोमवारी अमावास्येचं उधाण आहे, तेवढंच पाणी पडावाला गाड्यावर चढवील. पुढच्या उधाणापर्यंत पाऊस येईल. सोमवारी पडाव वर आला नाही तर दत्तारामने कंपनीची खोली रिकामी करावी, गोव्याहून दुसरा माणूस येईल.

दत्ताराम जेवताना, अंघोळ करताना, झोपेतसुद्धा मोटरीला शिव्या घालू लागला. सत्यवतीला ते सगळं पाठ झालं. मोटरीशेजारी पाण्याची टाकी, वीज वाहावी म्हणून पाण्यात धुण्याचा सोडा, वर टांगलेले तीन लोखंडी पत्रे. पत्रे पाण्याला जेमतेम टेकवले की विजेला वाट अरुंद मिळते, आणि मोटर सावकाश पण नेटाने ओढते. जसजसे खाली सोडावेत तसतशी ती वेग घेते. आता मात्र पत्रे टेकले न टेकले तोच मोटर उसळी मारी, दोर तणाणे आणि स्विच धाडकन पडे. एकदा तर दोराचे पदरच उसवले. मुंबईच्या हपिसातून उत्तर आलं की सोडा कमी पडत असेल, वाढवा. याने वाढवला. मोटर आणखीच पिसाळली.

शनिवारी दुपारी तो पानावर बसून पुन्हा तेच सुरू करू लागला तेव्हा सत्यवतीने डाळीची वाटी जरा जोरातच आपटली. दोन तास शिजवूनही डाळ टचटचीत राहिली होती. वरच्या विहिरीवरून आणलेलं पाणी सकाळी संपलं, म्हणून खालच्या विहिरीच्या पाण्यात टाकलेली. चैत्र उलटला की खारं पाणी झिरपून खालची विहीर मचूळ होते हे सगळ्या गावाला ठाऊक. त्या पाण्याने भांडी घासायची, गुरं धुवायची. सत्यवती तर देवबागची, एका अंगाला दर्या आणि दुसऱ्या अंगाला खाडी अशा वाळूत वाढलेली. मचूळ पाणी तिला हाताला लागताच कळे. डाळीकडे बघता बघता तिने विचारलं,

"त्या टाकीत पाणी खंयचा घातलात?"

"खालच्या बावीचा. आणि खंयचा घालतलंय?"

"फाल्गुनातय तिथलाच?"

"तिथलाच. टाकी तापता, पाणी आटता, मी वर भर घालतंय. गोडा पाणी काय मशिनीक घालूचा?"

एवढं बोलून त्याचा घास हातातच राहिला. मीठ. पाणी आटत गेलं, मीठ राहत गेलं, वर सोड्याची भर. विजेला अरुंद वाट हवी तिथे याने हमरस्ता करून ठेवला होता. तो न जेवताच उठला. सत्यवतीला मात्र राग आवरेना. आठ दिवस ही बडबड ऐकली, आणि याने एकदा पाणी जिभेला लावून पाहिलं नाही.

टाकी धुऊन भरायला आठ हंडे हवे होते. वरच्या विहिरीवर वैशाखात घरटी दोन हंड्यांची पाळी, आणि ती पाळी राखायला काशीबाई. रविवारी सकाळी सत्यवतीने आठ हंडे मागितले तेव्हा रहाट थांबला.

"माणसांका दोन आणि यंत्राक आठ? पाणी तुझो घोव पिता काय मोटर?" काशीबाई म्हणाली. बाया हसल्या.

सत्यवतीने विनवण्या केल्या नाहीत. कंबरेवर हात ठेवून ती म्हणाली, "पडाव वर इलो नाय तर आमी खोली सोडतलंव. मगे माझे दोन हंडे कायमचे तुमकाच. बसा भरीत."

मग तोंडाने पुटपुटत, कंपनीचा, मोटरीचा आणि दत्तारामाच्या अकलेचा उद्धार करीत काशीबाईने स्वतःचा हंडा पुढे केला. तिच्यामागून जानकीने, सुगंधाने. बोलणी खात खात आठ हंडे भरले.

सोमवारी दुपारी भरतीचं पाणी चढलं. टाकीतल्या गोड्या, बेताच्या सोड्याच्या पाण्यात पत्रे बोटभर बुडाले, मोटर घुमली, दोर हळूच ताठ झाला, आणि पडाव इंच इंच वर आला. मध्ये एकदा गाडा अडखळला तेव्हा दत्तारामने पत्रे किंचित उचलले, मोटर तशीच जोर धरून थांबली, आणि पुन्हा निघाली. सत्यवतीने शेवटचं चाक वर आलेलं पाहिलं आणि तेव्हा कुठे ती खाली बसली.

संध्याकाळी दत्ताराम छाती फुगवून घरी आला. साहेब खूश होते. नोकरी कायम. शिवाय साहेबांनी लेखी हुकूम काढला होता की यापुढे उन्हाळ्यात मोटरीला गोडंच पाणी घालावं, आणि ते रोज आणून देण्याचं काम मोटरवाल्याच्या घरच्यांनी करावं.

सत्यवतीने तो कागद दोनदा वाचून घेतला. मग डोक्यावर हंड्याखाली घ्यायची चुंबळ उचलून त्याच्या मांडीवर ठेवली.

"घरच्यांत तुमीय येतात," ती म्हणाली.