साहेबाच्या नाचाचा ठेका आणि दुर्पताबाईचे पूर्वज

“बाई, मी परधान नाई,” बकारामनं तिसऱ्यांदा सांगितलं. “मी गोंदियाचा गिटारवाला. साहेबाच्या डेऱ्यावर जाऊन राहिलो.”

“तार आहे ना तुह्याजवळ?” दुर्पताबाईनं त्याच्या खांद्यावरचं धूड बोटानं टोचलं. “मंग खाली टेक.”

नवेगावच्या तळ्याकाठी बकाराम रस्ता चुकून दुर्पताबाईच्या अंगणात अडकला होता. चूक त्याची नव्हती, त्याच्या नियमांची होती. गोंदिया स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर तो होतकरू वादकांना सल्ले देत असे. होतकरू वादक गावात तोच एकटा होता, पण ऐकायला हमालही चालत. “नव्या गावात पहिल्याच घरी रस्ता विचारायचा. वाद्य कोणाच्या हाती द्यायचं नाई. अन् पार्टीनं ‘झालं’ म्हटल्याबिगर उठायचं नाई, मंग छप्पर पडो.”

हे शहाणपण त्यानं मार खाऊन कमावलं होतं. बदलीवर जाताना एका गार्डसाहेबानं आपली गिटार इंजिन पुसणाऱ्या बकारामला देऊन टाकली, आणि बकारामनं त्याच दिवशी इंजिन पुसणं टाकून दिलं. तेव्हापासून जिकडं बोलावणं तिकडं बकाराम. तिरोड्याच्या लग्नात गिटार ऐकून घोडी उधळली आणि नवरदेवानं जिला नकार दिला होता तिच्याच दारात त्याला घेऊन उभी राहिली. सौंदडच्या मंडईच्या जत्रेत लोक त्याला दंडारीच्या खेळातलं सोंग समजले आणि तो मनापासून वाजवत असताना पोट धरधरून हसले.

आजचं काम मात्र खरं होतं. तळ्यापलीकडे रेल्वेचे साहेब नाताळात बदकं मारायला उतरले होते. संध्याकाळी मडमांचा नाच. मोठे साहेब खूश झाले तर रेल्वेच्या क्लबात दर शनिवारी कायमचं काम. नाही जमलं, तर बायकोनं, शामकलानं, काय करायचं ते सांगून ठेवलं होतं. “माह्या भावाच्या बिडी कारखान्यात पानं कापायले बसायचं. अन् त्या पेटाऱ्यात मी तांदूळ भरीन.”

आणि इथं ही म्हातारी त्याची बाही सोडत नव्हती.

दुर्पताबाईचा नवरा मागच्या वर्षी वारला होता. त्यांच्या गोंडांच्या रिवाजाप्रमाणं घरचा परधान, म्हणजे पिढीजात भाट, आपली तारेची किंगरी घेऊन येतो, घराण्यातल्या मेलेल्यांची नावं एकेक करून तारेवर गातो, तेव्हा कुठं नवा गेलेला माणूस जुन्यांत जाऊन बसतो. पण परधान स्वतःच तापानं गेला. म्हातारा वर्षभर ना इकडचा ना तिकडचा.

“नावं मले येतात,” ती म्हणाली. “तू फकस्त वाजव.”

“मले साहेबाच्या नाचाचं येते, बाई. किंगरीचं काईच येत नाई.”

“त्याईले काय समजते? मेलेले आहेत ते.”

दोनचार नावं वाजवावी आणि सटकावं, असा विचार करून बकाराम बसला. दुर्पताबाईनं डोळे मिटून पहिलं नाव घेतलं. मडमांसाठी घोटून बसवलेल्या धूम-चक-चक, धूम-चक-चक ठेक्यावर तिच्या सासरचे पूर्वज निघाले. वाघानं नेलेला निघाला. त्याला टाकून पळालेला भाऊ निघाला. तळ्यात बुडालेला, जावयाशी भांडून जंगलात गेलेला, सगळे गिरक्या घेत निघाले. बकारामला कळेना, आपण कोणाला नाचवून राहिलो.

“अजून किती मेले आहेत?”

“गडबड काऊन करून राहिला? आत्ता कुठं माह्या आजेसासऱ्याच्या बापावर आलो.”

पलीकडचे बंदुकीचे बार थांबले. म्हणजे साहेब लोक डेऱ्यावर परतले. बकाराम अर्धवट उठला. पण पार्टीनं ‘झालं’ म्हटलं नव्हतं.

शेवटी सासरा झाला, चुलतसासरे झाले. “अन् आता...” म्हणून दुर्पताबाई थांबली.

“आता कोण?”

“आता हे.”

“हे कोण?”

“आमचे हे.”

“नाव?”

दुर्पताबाईनं पदर तोंडावर घेतला. नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? बकारामनं सुनेकडं पाहिलं. फुलवंता सासूसमोर सासऱ्याचं नाव घ्यावं लागेल म्हणून घरातच पळाली. मुलगा आसामात चहाच्या मळ्यावर, गावातले पुरुष खळ्यावर मळणीला. सगळं घराणं रांगेत येऊन बसलं होतं आणि ज्याच्यासाठी बोलावलं तो दाराबाहेर.

“मी अंदाजानं घेऊ काय? बिसराम?”

“तो माहा दीर. जित्ता आहे.”

“मंगरू?”

“तो बैल होता.”

आतून फुलवंता फिसकन हसली.

तेवढ्यात काठाला डोंगा लागला. साहेबांचा चपराशी भोजराज, ह्याच गावचा, धापा टाकत अंगणात आला. “अबे बकाराम! तुह्या बाज्याचा आवाज पाण्यावरून तिकडं येऊन राहिला, अन् तू इकडं कायले बसला? मडमा उभ्या आहेत! साहेब म्हणे, नाई आला तं थाळीवाला बाजा, तो ग्रामोफोन, लावा, अन् पुन्हा ह्याले बुलावू नका!”

“ह्या घरच्या म्हाताऱ्याचं नाव काय रे?”

“मनीराम. काऊन?”

“काई नाई. तू व्हय पुढं.”

“पुढं म्हंजे? डोंगा एकच आहे!”

बकारामनं तार छेडली होती. तो जन्मात कधी गायला नव्हता. का गातो आहोत हेही त्याला कळलं नाही. ‘मनीराम’ म्हणताना आवाज पार फाटला, पण नाव अंगणभर झालं.

दुर्पताबाईचा पदर हळूहळू खाली आला. तिनं ते नाव उभ्या जन्मात तोंडातून काढलं नव्हतं, आणि आजच्या आधी वर्षभरात त्या अंगणात कोणी उच्चारलंही नव्हतं.

“आखीन एक बार घे,” ती म्हणाली.

त्यानं घेतलं. भोजराजचा डोंगा तळ्याच्या मध्यावर पोचला असेल, तेव्हा पलीकडे थाळीचा बाजा सुरू झाला. फुलवंतानं घरातून सासऱ्याची घोंगडी आणली, बकारामच्या शेजारी अंथरली, आणि रिकाम्या घोंगडीपुढं भाताचं ताट ठेवलं.

बकाराम जरासा सरकून बसला.