इकडे बघू नका

चौकीतल्या हवालदारांनी पुन्हा विचारलं, "अहो, समोरून काढलेला फोटो. नाक, डोळे, तोंड दिसेल असा. एवढंच मागतोय मी."

प्रज्ञेशने मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये आणखी एक फोल्डर उघडलं. बाबांचे हात, खिडकीच्या गजांवर ठेवलेले. जिना उतरणारी बाबांची पाठ. वर्तमानपत्रावर पडलेला बाबांचा चष्मा. भिंतीवरची बाबांची सावली. चहाच्या वाफेआड बाबांचा एक कान.

"हा कान कुणाचा?" हवालदारांनी वाकून विचारलं.

"त्यांचाच."

"कान छान आलाय. पण कानावरून माणूस कसा शोधायचा, तेवढं सांगा."

हवालदारांचं काहीच चुकलं नव्हतं. नाव दशरथ, टपाल खात्यातून निवृत्त, राहणार वारजे, सकाळी घरातून निघाले ते परतले नाहीत, विसर पडण्याचा आजार आहे, स्वतःचं नाव-पत्ता सांगता येईलच असं नाही, अंगात पांढरा शर्ट. हे सगळं त्यांनी नीट लिहून घेतलं होतं. आता सगळ्या चौक्यांना पाठवायला त्यांना फक्त एक फोटो हवा होता. आणि ज्याच्या लॅपटॉपमध्ये बापाचे हजारो फोटो होते, त्या मुलाकडे बापाचं तोंड नव्हतं.

शेवटी त्याच्या आईने, कांताबाईंनी, पिशवीतून जुनं ओळखपत्र काढून दिलं. त्यातले दशरथ गुबगुबीत गालांचे होते, जाड मिशीचे, केसांना काळा रंग लावलेले. आता मिशी गेली होती, दात गेले होते, गाल आत बसले होते. हवालदारांनी फोटो एकदा जवळून पाहिला, एकदा लांबून पाहिला आणि म्हणाले, "बरं. हा तर हा."

चौकीच्या पायऱ्या उतरताना कांताबाई थांबल्या. "एवढा मोठा कॅमेरा घेतलास, बापाचं तोंड तेवढं त्यात मावलं नाही?"

प्रज्ञेशने लॅपटॉप पिशवीत कोंबला.

खरं तर कॅमेरा त्याने बापासाठी घेतला नव्हता, स्वतःसाठीच घेतला होता. हिंजवडीच्या कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या, रात्री अमेरिकेशी फोनवर बोलायचं, आणि शनिवार-रविवार आपणही कुणीतरी आहोत असं स्वतःला पटवायचं. त्या वर्षांत पुण्यातली निम्मी आयटीवाली पोरं गळ्यात कॅमेरा अडकवून हेच करत होती. प्रज्ञेशला 'कवडसा' नावाचा ग्रुप सापडला. कसबा पेठेत तांब्या-पितळेच्या दुकानावर एक हॉल होता, तिथे ही मंडळी रविवारी जमत. सकाळी कुठेतरी फोटो काढायला जायचं आणि दुपारी हॉलच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावून सगळ्यांनी सगळ्यांचे फोटो बघायचे. उजेड कुठून घ्यायचा, मागचं धूसर कसं करायचं, हे एकमेकांकडून शिकायचं.

ग्रुपचे गुरू म्हणजे श्रीनिवास सर. बँकेतून निवृत्त, जन्म कसब्यातला, आणि जीभ अशी की समोरच्याला आपण कापले गेलोय हे घरी गेल्यावर कळावं. त्यांचे दोन नियम होते. पहिला, फोटोतल्या माणसाने कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. "समोर बघून उभा राहिलेला माणूस म्हणजे रांगेत नंबर लागलेला माणूस," असं ते म्हणत. दुसरा नियम चाळणीचा. भिंतीवर जो फोटो ग्रुपला पसंत पडणार नाही तो काढणाऱ्याने तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, कार्डावरून आणि लॅपटॉपवरून पुसायचा. "रोल होता तेव्हा लोक आधी विचार करायचे आणि मग बटण दाबायचे. आता तुम्ही आधी दाबता. मग विचार निदान नंतर तरी करा." लोक हसत आणि पुसत. पुसताना एक प्रकारचा पराक्रम केल्यासारखं वाटे.

त्याच सुमारास बाबांचा आजार सुरू झाला. टपालात उभा जन्म पत्रं वेगळी करण्यात गेलेला माणूस, कुठल्याही गावाचा पिनकोड झोपेत सांगणारा. तो एके दिवशी वारज्यात कोपऱ्यावरच्या दुकानातून घरी कसं यायचं ते विसरला. डॉक्टर म्हणाले, यांना कशात तरी गुंतवा, माणसांत न्या. प्रज्ञेशने मनापासून तसं केलं. वर्षभराचा विषय म्हणून त्याने 'बाबा' हाच विषय घेतला आणि दर रविवारी त्यांना बरोबर न्यायला लागला. दशरथ खुलले. ग्रुपमधली पोरं त्यांच्या मागेपुढे करायची. श्रीनिवास सरांनीच सुचवलं, पांढरा शर्ट घाला, हातांवर उजेड छान येतो. कांताबाई तो शर्ट धुऊन, इस्त्री करून रविवारसाठी वेगळा टांगून ठेवत.

फक्त एक अडचण होती. दशरथ जुन्या वळणाचे. कॅमेरा दिसला की ताठ उभे राहत आणि थेट काचेत बघत. मग प्रज्ञेशला ओरडावं लागे. "बाबा, इकडे बघू नका." "बाबा, सांगितलं ना, इकडे नाही." "अहो, परत इकडे बघितलंत! सगळा उजेड गेला आता." वर्षभर हेच. शेवटी दशरथांना सवय लागली. कॅमेरा वर झाला की ते शहाण्या विद्यार्थ्यासारखे तोंड फिरवायचे, आणि प्रज्ञेश म्हणायचा, "वा!" प्रदर्शनात त्या फोटोंचं फार कौतुक झालं. चेहरा न दाखवता माणूस उभा केलाय, असं सगळे म्हणाले.

आता तो माणूस कुठे उभा होता कुणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्रज्ञेश मोटारसायकलवरून वणवण फिरला. ससूनमध्ये गेला. स्वारगेटला जाऊन बसायच्या बाकांखालीसुद्धा वाकून पाहिलं. मिशीवाल्या फोटोच्या प्रती लोकांना दाखवायचा आणि वर तोंडाने सांगायचा, "मिशी नाहीये हं आता. गाल पण नाहीत. केस पांढरे." लोक ऐकून घेत आणि मान हलवत. एका रिक्षावाल्याने विचारलंच, "मग हा फोटो कुणाचाय?" प्रज्ञेशला रस्त्यातच रडू फुटलं. ऊन रखरखीत होतं, आणि बाबांना तहान लागलेली कळत नाही, पाणी हातात द्यावं लागतं, हे त्याला सारखं आठवत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे कसब्यातल्या हॉलमध्ये जमले. बोलावलं होतं दीपालीने. ती ग्रुपमधली, दुसऱ्या एका कंपनीत नोकरी करणारी, डोक्याने चटपटीत. तिने सगळ्यांना जुनी कार्डं घेऊन यायला सांगितलं होतं, कुणाच्या तरी कार्डात काकांचं तोंड निघेल म्हणून. पुसलेला फोटो कार्डावर लगेच मरत नाही, त्याच जागेवर नवा बसेपर्यंत तग धरून असतो, आणि तो परत काढायचं सॉफ्टवेअर तिच्याकडे होतं.

आणि एक फोटो तर नक्की होता. सगळ्यांनाच तो आठवत होता, पण पहिल्यांदा कोण बोलणार?

"मार्केट यार्डातला," शेवटी दीपालीच म्हणाली. "काका स्वतः म्हणाले होते, माझा एक नीट काढ, समोरून. भिंतीवर लावायला होईल."

प्रज्ञेशने काढला होता. कांद्याच्या गाळ्यासमोर, पांढऱ्या शर्टात, ताठ उभे राहून बोळकं पसरून हसणारे बाबा. दुपारी तो इथे भिंतीवर लागला तेव्हा सर म्हणाले होते, "रेशनकार्डाला उत्तम आहे." सगळे हसले होते. बाबासुद्धा हसले होते, कारण ते तिथेच शेवटच्या खुर्चीवर बसले होते आणि सगळे हसतायत म्हटल्यावर हसायचं असतं. मग त्यांच्या देखत प्रज्ञेशने तो फोटो पुसला होता.

कांताबाईही आल्या होत्या, घरी बसायला तयार नव्हत्या. त्या त्याच शेवटच्या खुर्चीवर बसल्या. दीपाली एकेक कार्ड घालत होती. लग्नांचे फोटो वर येत होते, कुत्र्यांचे, सिंहगडावरच्या धुक्याचे, फुलांचे, नको असलेल्या माणसांच्या नको असलेल्या हसण्यांचे. किती माणसं पुसली होती त्यांनी! श्रीनिवास सर भिंतीपाशी उभे होते.

प्रज्ञेशच्या कार्डातून तो निघाला. अर्धा.

भिंतीवर पांढरे केस आले, कपाळ आलं, कपाळावरच्या तीन आठ्या आल्या, भुवया आल्या. मग डोळे, थेट समोर बघणारे, हसण्याने बारीक झालेले. नाकाच्या शेंड्याखाली सगळं राखाडी होतं. त्या जागेवर नंतरच्या रविवारचे फोटो बसले होते. बाबांच्या तोंडावर बाबांचेच हात, बाबांचीच पाठ.

"हे असे दिसतात," कांताबाई म्हणाल्या आणि उठून भिंतीजवळ गेल्या. त्यांनी हात लावला तर फोटो त्यांच्याच हातावर पडला. "असे दिसतात हे. माझ्या घरात बुद्धाची मूर्ती आहे, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे. दोघांचंही तोंड दिसतं. यांचं तेवढं तुम्हाला नको झालं होय रे?"

कांताबाई बोलतच होत्या, आता जरा हळू. "या फोटोच्या दिवशीच पहिल्यांदा तो पांढरा शर्ट घातला यांनी. तेव्हापासून त्याला फोटोचा शर्ट म्हणतात. दुसऱ्या कशाला घालत नाहीत. परवा तोच घालून गेले. मी म्हटलं, अहो, आज बुधवार आहे, तर म्हणाले—"

त्या थांबल्या. प्रज्ञेशने वळून पाहिलं.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, उशीर होईल, उजेड जाईल."

पांढरा शर्ट. चौकीत पहिल्याच दिवशी लिहून दिला होता. बाबा हरवायला गेलेच नव्हते. ते बुधवारला रविवार समजून ग्रुपला भेटायला गेले होते, जिथे तो शर्ट पहिल्यांदा घातला त्या मार्केट यार्डात, वेळेवर. प्रज्ञेश जिना कसा उतरला त्याचं त्यालाच कळलं नाही. मोटारसायकलवर मागे बसलेली दीपाली ओरडून सिग्नल सांगत होती आणि त्याच्या डोक्यात एकच चाललं होतं: कुणीतरी पाणी दिलं असू दे, एवढं कुणीतरी केलेलं असू दे.

मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यांपाशी हमालांची, टेम्पोंची, हातगाड्यांची तीच रोजची गर्दी होती. प्रज्ञेश गाळ्यागाळ्यातून वाकून बघत पळत सुटला. आणि एका गाळ्याच्या कडेला, रिकाम्या पोत्यांच्या चवडीवर, पत्र्याच्या भोकातून जिथे उन्हाची तिरीप पडते नेमका तिथे, त्याला पांढरा शर्ट दिसला. आता तो पांढरा राहिला नव्हता.

"बाबा!"

दशरथांनी मान वळवली नाही. ओठ फुटले होते, अंग तापाने फणफणत होतं. पायात एकच चप्पल होती. प्रज्ञेश त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि त्यांचे हात धरून हमसाहमशी रडायला लागला. दशरथ त्याच्याकडे सभ्यपणे बघत राहिले, अनोळखी माणूस रडत असेल तर आपण बघतो तसे.

"तुम्ही ग्रुपमधले का?" त्यांनी विचारलं. "आमचा प्रज्ञेश येईल एवढ्यात. थांबा जरा."

गाळ्याचे मालक सर्जेराव पंच्याने मान पुसत आले. "तुमचं हायती व्हय? परवाच्या धरनं हितंच बसून हायती ओ. च्या दिला, भाकरी दिली, खाल्ली न्हाई. पानी तेवढं दोन घोट घेत्यात. नाव इचारलं तर कुठल्यातरी गावाचा नंबर सांगत्यात."

"चौकीत नाही का सांगितलंत?" दीपालीने विचारलं.

"सांगितलं की. त्यांच्याकडं एक कागुद हाय, मिशीवाल्याचा. म्या म्हनलं, ह्यो त्यो न्हवं. मग सायेब म्हनले, फोटो काढून आना, सगळीकडं धाडतो." सर्जेरावांनी खिशातला मोबाईल काढून दाखवला. "ह्ये बगा. किती डाव काढलाय. मोबाईल धरला की म्हातारा तोंड फिरवतोय."

प्रज्ञेशने पाहिलं. बाबांची पाठ. बाबांचा कान. गुडघ्यांवर ठेवलेले हात, त्यांवर पत्र्यातून आलेलं ऊन.

"म्या म्हनलं, बाबा, असं का करता, इकडं बगा की. तर म्हनले, न्हाई, इकडं बघायचं नसतं. पोरगं रागावतं."

दीपालीने तोंडावर हात दाबला. प्रज्ञेशला वाटलं, आता इथेच मरून जावं. दोन दिवस. दोन दिवस हा माणूस तापात, तहानेत, त्याने शिकवलेला धडा गिरवत बसला होता.

दीपालीने रुग्णवाहिकेला फोन लावला. सर्जेराव मोबाईल हातात धरून जरा अवघडून उभे होते. "सायेब, चौकीला दाखवाया एक फोटो लागंल बगा. सापडलं म्हनून. आता तुमी हायसा तर बगतील इकडं."

त्यांनी मोबाईल वर केला. दशरथांनी लगेच तोंड उन्हाकडे फिरवलं, हात गुडघ्यांवर नीट मांडले आणि हलायचे थांबले.

"बाबा," प्रज्ञेश म्हणाला, "इकडे बघा. बघितलं तर चालतं. मीच सांगतोय, बघा ना इकडे."

"नको," दशरथ कुजबुजले. "उजेड जाईल."

प्रज्ञेशने दोन्ही हातांत त्यांचा चेहरा धरला. गाल तापलेले होते, दाढीचे खुंट हाताला टोचत होते. त्याने तो चेहरा हलकेच वळवला आणि मोबाईलसमोर आणला. दशरथांनी जराही विरोध केला नाही. त्यांनी फक्त डोळे घट्ट मिटून घेतले.